पुराव्यात दाखल झालेलं बालपण : लीला बेणारे यांना अनावृत पत्र

प्रिय बेणारेबाई,



अजूनही दरवर्षी कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयीन स्पर्धेत एखादी मुलगी तुमचं स्वगत निवडते. विंगेत घोटभर पाणी पिते, नंबर पुकारला की प्रकाशात येते आणि तुमचं अख्खं आयुष्य ठरलेल्या मिनिटांत बसवून दाखवते. परीक्षक तिच्या आवाजाच्या फेकीबद्दल बोलतात, पॉझेसबद्दल बोलतात. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली ‘रंगायन’ने केलं, अरविंद देशपांड्यांनी बसवलं आणि सुलभा देशपांडे बेणारे झाल्या, एवढं तिला पाठ असतं. ह्या नाटकावर बोलायचं म्हटलं की आम्ही मध्यमवर्गाचा दुटप्पीपणा काढतो, झुंडीचं क्रौर्य काढतो, कुमारी मातेचा प्रश्न काढतो, तुम्हाला दिवस असताना पाठ फिरवणाऱ्या प्रोफेसर दामल्यांना चार शिव्या घालतो. तुमच्या मामाचा विषय निघालाच तर ओझरता निघतो. नाटकात त्याला नावसुद्धा नाही.

हे पत्र त्याच्यामुळे लिहिते आहे. नाटकातल्या पात्राला आजार चिकटवू नयेत असं जाणकार म्हणतील, आणि ते खरंही आहे. पण लहानपणी झालेल्या अत्याचाराचं पुढे काय होतं ह्याबद्दल गेल्या साठेक वर्षांत जे कळत गेलं, ते वाचताना तुम्ही पानोपानी भेटता. नाटककार तेंडुलकरांनी हे कुठून टिपलं कोण जाणे. त्या माणसाची नजर फार निष्ठुर होती, एवढं खरं.

तो खेळ कसा सुरू झाला ते आठवून बघा. त्या खेड्यातल्या हॉलमध्ये करायचा खरा प्रयोग अमेरिकेच्या अध्यक्ष जॉन्सनवरच्या अभिरूप खटल्याचा, अण्वस्त्रांबद्दलचा. गावातल्या सामंतांना कोर्ट कसं चालतं ते दाखवायचं म्हणून वेळ घालवायला एक खोटा खटला उभा राहिला आणि आरोपी म्हणून तुम्ही. आरोप भ्रूणहत्येचा. मग एकेकाला गंमत वाटायला लागली. साक्षी निघाल्या. कुणाकडे तुम्ही लग्नाचं विचारलंत, पर्समध्ये टिक-ट्वेंटी ह्या विषाची बाटली कशी होती, हे बाहेर आलं. आणि तुमच्याच मंडळीतल्या कर्णिकांनी ती माहिती आणली : ह्या बाईनं कोवळ्या वयात प्रेमभंगापायी जीव द्यायचा प्रयत्न केला होता, आणि प्रेम कुणावर, तर सख्ख्या मामावर.

फिर्यादीची बाजू मांडणाऱ्या सुखात्म्यांना तर घबाडच मिळालं. आजच्या वागण्याचं मूळ कालच्या वागण्यात सापडलं म्हणून ते केवढे खूश झाले! न्यायाधीश झालेल्या काशीकरांनी त्यावर उपाय काय सुचवला? बालविवाहाची चाल परत आणा. पोर वयात यायच्या आत उजवून टाका, म्हणजे असले प्रकारच होणार नाहीत. एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला घरातल्या मोठ्या माणसानं वापरलं, हे ऐकून त्या खोलीतल्या एकाही शहाण्या माणसाच्या तोंडून ‘अरे, मग तो मामा कुठे आहे?’ असा प्रश्न आला नाही. सामंत भाबडे, त्यांना सुचलं नाही, हे समजू शकतं. पण सुखात्मे वकील होते. तुमचा खटला रंगमंचावर आला त्या वर्षी कायद्यात मुलीच्या संमतीचं वय सोळा होतं. १९४९ सालीच ते चौदावरून सोळावर नेलं होतं. पंधरा वर्षांची मुलगी ‘हो’ म्हणाली तरी त्या होकाराला कायदा विचारत नव्हता. हे वकिलाला माहीत नसेल? माहीत असणार. फक्त त्या कलमाचा आणि समोर उभ्या असलेल्या बाईचा काही संबंध आहे, असं त्यांच्या मनातही आलं नसेल.

आता जरा अवघड बोलते. तुम्ही स्वतः त्याला प्रेमच म्हणता. सक्तीच्या, शिस्तीच्या घरात तो एकटा माणूस कौतुक करायचा, जवळ घ्यायचा, आणि हे पाप आहे हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं. तुम्ही लग्नाचा हट्ट धरलात. आईनं विरोध केला, मामानं पाय काढला, आणि तुम्ही घराच्या कठड्यावरून उडी टाकलीत. हे ऐकणाऱ्याला वाटतं, म्हणजे मुलीची इच्छा होती. शांदोर फेरेन्झी नावाच्या हंगेरियन मनोविश्लेषकानं १९३२ साली जर्मनीतल्या वीसबाडेनच्या परिषदेत नेमकं ह्यावरच निबंध वाचला होता. मूल मागतं ती माया, आणि मोठा माणूस तिच्यात स्वतःची वासना वाचतो. वर मोठ्या माणसाच्या मनातला अपराध मूल स्वतःच्या अंगावर घेतं, कारण ज्याच्यावर आपण अवलंबून आहोत तो वाईट आहे असं मानण्यापेक्षा आपणच वाईट आहोत असं मानणं पोराला सोपं जातं. फेरेन्झीनं हे वाचू नये म्हणून खुद्द फ्रॉइड त्याला समजावत होता. त्या निबंधाचं इंग्रजी रूप छापून यायला १९४९ उजाडलं. चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांच्या सभेतसुद्धा ‘शांतता’ अशी पुकारता येते.

तुमच्या स्वगतातला राग मला म्हणून वेगळा ऐकू येतो. तुम्ही मामावर चिडता, त्याला भेकड म्हणता ते तो पळाला म्हणून. त्यानं मुळात जे केलं त्याबद्दलचा राग तुमच्या स्वतःच्या शरीरावर निघतो. शरीराचा तिरस्कार आणि शरीराची ओढ, दोन्ही एकाच दमात. हे असं असतं. वर्षानुवर्षं असतं. चाळिशीतल्या, पन्नाशीतल्या बाया समुपदेशकासमोर बसून ‘माझंच काहीतरी चुकलं असणार’ इथून सुरुवात करतात, आणि ज्याचं चुकलं तो एव्हाना फोटोच्या चौकटीत हार घालून भिंतीवर असतो.

शरीराचंच आणखी एक उदाहरण. अमेरिकेत सॅन दिएगोला डॉ. व्हिन्सेंट फेलिटी १९८०च्या दशकात लठ्ठपणावर उपचार करायचे. त्यांची पंचाईत अशी की ज्यांचं वजन झपाट्यानं उतरायचं तेच रुग्ण मध्येच येणं सोडायचे. कारण कळेना. एकदा एका बाईला प्रश्न विचारताना त्यांची जीभ घसरली. पहिला शरीरसंबंध आला तेव्हा वय किती होतं, असं विचारायचं, ते वजन किती होतं, असं विचारून बसले. उत्तर आलं, चाळीस पौंड. म्हणजे अठरा किलो. आणि तो माणूस तिचा बाप होता. मग ते इतरांना विचारत गेले आणि तसलीच उत्तरं मिळत गेली. जाड बाईकडे कुणी बघत नाही, हे त्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. डॉक्टर ज्याला रोग समजत होते तो त्या बायकांनी स्वतःपुरता शोधलेला उपाय होता. वजन उतरलं, कुणी पुरुष दोन शब्द गोड बोलला, की भीतीनं पोटात गोळा यायचा आणि पुन्हा खाणं सुरू.

ह्यातूनच पुढे फेलिटी आणि रॉबर्ट अँडा ह्यांचा तो गाजलेला अभ्यास निघाला, १९९८ सालचा. बालपणातला मार, लैंगिक अत्याचार, घरातलं दारूचं व्यसन, आईला होणारी मारहाण असे प्रकार त्यांनी मोजले. ज्यांच्या वाट्याला असे चार किंवा जास्त प्रकार आले होते त्यांच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाचं प्रमाण काहीच वाट्याला न आलेल्यांच्या जवळजवळ बारा पट निघालं. हृदयविकार, फुप्फुसाचे आजार, यकृताचे आजार, हेही वाढलेले. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली आत्महत्या केलेल्या माणसांचे मेंदू तपासले. ताण आटोक्यात आणणाऱ्या एका जनुकाचं काम, लहानपणी अत्याचार झालेल्यांमध्ये मंदावलेलं होतं. इतरांमध्ये तसं नव्हतं. म्हणजे पोराच्या अंगावर जे केलं जातं ते पेशीपर्यंत जाऊन बसतं. ‘लहानपणीचं काय धरून बसायचं’ म्हणणाऱ्यांना हे दाखवावंसं वाटतं, पण ते कागद वाचणारी माणसं नव्हेत.

तुमच्याकडे वळते. नाटकाच्या सुरुवातीला तुम्ही किती बोलता! गाता, नकला करता, ह्याची त्याची टोपी उडवता. शाळेत घंटेच्या आधी हजर, वक्तशीरपणात कुणी बोट ठेवायला जागा नाही. मुलांबद्दल बोलताना चेहरा उजळतो. मंडळींना तुमचं हसणं चवचाल वाटतं आणि वक्तशीरपणा शिष्टपणा वाटतो. मला त्यात पहारा दिसतो. कोण कुठे उभा आहे, कोण काय बोलणार आहे, हे आधी ओळखून त्याच्या आत आपणच हसायचं. जिचा एकदा घरातच घात झाला ती पुढे खोलीत शिरताच दार कुठे आहे ते बघून ठेवते. कुणी न्हाणीघराची कडी पुन्हा पुन्हा चाचपते, कुणाला पाठीमागून कुणी हाक मारली की घाम फुटतो, कुणी चार माणसांत सारखी बडबडते. बाहेरून ह्याला स्वभाव म्हणतात.

आणि दामले. पहिल्या अनुभवानंतर तरी बाईनं शहाणं व्हायला नको होतं का, असं नाटक बघून बाहेर पडताना बायकासुद्धा म्हणतात. लहानपणी ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांच्या वाट्याला मोठेपणी पुन्हा तसा माणूस येण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे अनेक अभ्यासांत दिसलेलं आहे. त्याचं कारण त्यांची आवड हे नव्हे. ज्या मुलीला दुखावणाऱ्या माणसाच्याच पंगतीत जेवायला बसावं लागतं, ती आतली धोक्याची घंटा बंद करायला शिकते. नाहीतर घास उतरणार नाही. मोठेपणी ती घंटा गरज असताना वाजत नाही. वर माया म्हणजे वयानं, मानानं मोठ्या माणसानं चोरून दिलेली गोष्ट, असाच धडा पहिल्यांदा गिरवलेला. मामा काय, प्राध्यापक काय, दोघंही तुमच्याहून मोठे, दोघांनाही लपायला जागा होती. खटल्यात दोघंही रंगमंचावर येत नाहीत.

मामाच का, असं कधी कधी वाटतं. आपल्याकडे मामा म्हणजे सुट्टी, आंबे, लाड. मामाचा गाव म्हटलं की डोळ्यांपुढे काय काय येतं. सगळे मामा असे नसतात, हे लिहायची गरज नाही. पण असा एखादा निघाला तर पोरीनं पळून जायचं कुठे? लग्नात गुरुजी ध्वनिक्षेपकावरून पुकारतात, ‘वधूच्या मामांनी वधूला बोहल्यावर घेऊन यावं.’ जिच्या आयुष्यात तो मामा आहे तिनं त्याच हाताला धरून अंतरपाटापाशी यायचं, नंतर पाया पडायचं, आणि अल्बममध्ये तो फोटो जन्मभर. सांगितलं तर आई भावाला मुकणार, आजी अंथरूण धरणार, घरातलं लग्न मोडणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. ह्या मुठीची किंमत कोण भरतं, ते मूठ झाकणारे विचारत नाहीत.

केंद्राच्या महिला आणि बालविकास मंत्रालयानं २००७ साली तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारून एक अहवाल काढला. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात होते. निम्म्याहून अधिक, ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. अत्याचार करणाऱ्यांत निम्मे मुलांच्या ओळखीतले, भरवशाचे. बहुतेक मुलांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. मुलग्यांचं तर बोलणंच खुंटतं. ‘पुरुषासारखा पुरुष’ असून असं कसं झालं, ह्या प्रश्नाला घाबरून तो दारूपाशी जातो नाहीतर बायको-पोरांवर हात टाकतो, आणि मग त्याच्याकडे फक्त दारुडा म्हणून बघितलं जातं. त्याच्यावरही एक नाटक लिहायला हवं.

मला तुम्हाला सांगायचं आहे ते खरं म्हणजे एवढंच : तुमच्यावर जे झालं त्याचे परिणाम तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखल झाले. कठड्यावरची उडी, पर्समधली बाटली, हसणं, दामले, सगळं. जखम दाखवून म्हणायचं, बघा, ही मुळातच अशी आहे. आणि हे काही त्या खेड्यातल्या हॉलपुरतं नव्हतं. तुमच्या नाटकानंतर पाच वर्षांनी, १९७२ साली, चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसानं बलात्कार केला. डॉक्टरांच्या अंदाजानं तिचं वय चौदा ते सोळा. तिचं नाव कायद्याच्या सगळ्या पुस्तकांत आहे. मी इथे लिहीत नाही. सत्र न्यायालयानं तिला शरीरसंबंधांची सवय असलेली ठरवलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं पोलिसांना शिक्षा दिली, ती सर्वोच्च न्यायालयात १९७८ साली रद्द झाली; अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. तेव्हा उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार ह्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिलं. त्या पत्रामुळे रस्त्यावर मोर्चे निघाले आणि १९८३ साली कायदा बदलला. तरीही बलात्काराच्या खटल्यात बाईचं चारित्र्य काढायची मुभा देणारं पुराव्याच्या कायद्यातलं कलम गळून पडायला २००३ साल लागलं.

आज मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा ‘पोक्सो’ कायदा आहे, २०१२ पासून. संमतीचं वय अठरा. नात्यातल्या माणसानं केलं तर गुन्हा अधिक गंभीर. मुलाच्या नजरेला आरोपी पडू द्यायचा नाही, सुनावणी बंद दाराआड. आणि तेहतिसाव्या कलमात लिहिलंय की न्यायालयानं मुलाला आक्रमक प्रश्न विचारू द्यायचे नाहीत आणि त्याच्या चारित्र्याचे धिंडवडे काढू द्यायचे नाहीत. ते वाचताना मला सुखात्मे दिसले, काळा कोट झटकत खाली बसताना. पण कलम मुलांच्या न्यायालयाला लागू. मूल मोठं होऊन बाई झालं, शिक्षिका झालं, चिडकी सून झालं, की तिच्या आसपासची काशीकर मंडळी मोकळीच असतात.

काशीकरांनी बचावाला तुम्हाला दहा सेकंद दिले. त्या दहा सेकंदांत तुम्ही जे बोललात ते सगळ्या नाट्यगृहानं ऐकलं, आणि मंचावरचं एकही माणूस ऐकत नव्हतं, सगळे गोठलेले. वेळ संपली आणि शिक्षा झाली. इथे पुन्हा फेलिटींची आठवण येते. असले प्रश्न विचारले तर रुग्ण कोलमडतील, अशी त्यांच्या सहकाऱ्यांना धास्ती होती. तसं झालं नाही. विचारल्याबद्दल लोकांनी आभार मानले. पहिल्यांदा सांगितल्यावर समोरच्यानं काय केलं, ह्यावर पुढचं फार अवलंबून असतं. ‘तू खोटं बोलतेस’ आणि ‘तू तिथे गेलीसच कशाला’ ही दोन वाक्यं मूळ जखमेइतकी खोल जातात.

एक मात्र तुमच्या बाजूनं निक्षून सांगते, कारण हल्ली दयेच्या भरात लोक उलट टोक गाठतात. अत्याचार झालेलं मूल पुढे बिघडणारच, तेही अत्याचारच करणार, असं बोललं जातं. कॅथी विडम ह्यांनी १९८९ साली दाखवलं की अशा मुलांत पुढे हिंसक गुन्ह्यांत सापडण्याचं प्रमाण वाढतं, पण बहुसंख्य मुलं त्या वाटेला जात नाहीत. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर ह्यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. सर्वांत बिकट परिस्थितीतल्या मुलांपैकी साधारण तिसरा हिस्सा धडधाकट, प्रेमळ, कामाची माणसं होऊन निघाला. बहुतेकांच्या आयुष्यात निदान एक मोठं माणूस असं होतं ज्यानं त्यांना धरून ठेवलं. आजी, शेजारीण, शिक्षिका. तुमच्या वर्गातल्या कितीजणांचं ते माणूस तुम्ही होतात, हे कोणत्याही साक्षीदारानं सांगितलं नाही.

तेव्हा आता व्यवहाराचं. मामाविरुद्ध तक्रार करायची का, हे तुमचं तुम्ही ठरवा. इतक्या वर्षांनीही गंभीर गुन्ह्याला मुदतीची आडकाठी नसते, पण ठाण्यात ‘इतके दिवस गप्प का?’ हा प्रश्न ऐकायची तयारी लागेल. मनाचं बोलायला आज १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतून बोलता येतं. ज्युडिथ हर्मन ह्या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ सालच्या पुस्तकात म्हटलंय की आधी पायाखालची जमीन घट्ट करायची, जुनं उकरायचं ते नंतर. मला ते पटतं. तुमच्या पायाखालची जमीन म्हणजे शाळा. काशीकर सांगत होते की शाळा चालवणाऱ्या नानासाहेब शिंद्यांनी तुम्हाला कामावरून काढायचं ठरवलंय. १९६७ साली तुम्ही काय करू शकला असतात कोण जाणे. पण १९७७च्या कायद्यानं खासगी शाळेतल्या शिक्षकाला बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, तीस दिवसांच्या आत. आदेश लेखी मागा, पोहोच घ्या, तारीख टिपून ठेवा. वकील सुखात्मे सोडून कुणीही चालेल.

आपली,
एक वाचक